एक कॉम्प्युटर, तीन युजर आणि पेढीचा मेल

अमळनेर, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा, कुठल्याही मार्केट यार्डाजवळच्या पेढीवर जा. कॉम्प्युटर एकच असतो आणि त्याच्यासमोर बसणारे तिघं-चौघं. सकाळी दिवाणजी बिलं काढतात, दुपारी सूनबाई जीएसटीचं बघतात, संध्याकाळी आप्पा व्यापाऱ्यांचे आणि बँकेचे मेल वाचतात. रात्री नातवाला गेम हवी असते. आधी सगळे एकाच विंडोज युजरवर असतात. मग कधीतरी नातवाच्या हातून डेस्कटॉपवरची बिलं उडतात आणि कुणीतरी जाणता माणूस येऊन प्रत्येकाला वेगळा युजर काढून देतो.

ते योग्यच आहे. पण दुसऱ्या दिवशी सूनबाई आपल्या युजरवरून थंडरबर्ड, म्हणजे पेढीचे मेल वाचायचा प्रोग्राम, उघडतात तर आत काहीच नाही, नवा अकाउंट जोडा एवढंच लिहिलेलं. मागून आप्पांचा आवाज येतो, "मना मेल कोठे गया?"

मेल कुठेच गेलेला नसतो. थंडरबर्ड हा प्रोग्राम कॉम्प्युटरवर एकदाच बसवायचा असतो आणि तो सगळ्या युजरना दिसतो. मात्र मेल, पत्ते, पासवर्ड, सेटिंग हे सगळं तो ज्या फोल्डरात ठेवतो, त्या फोल्डराला प्रोफाइल म्हणतात, आणि हे प्रोफाइल प्रत्येक विंडोज युजरचं वेगळं तयार होतं. दुकान एकच, गल्ला ज्याचा त्याचा. त्यामुळे "थंडरबर्ड सगळ्यांना वापरता आलं पाहिजे" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, नेमकं काय वाटून घ्यायचंय? नुसता प्रोग्राम, पेढीच्या पत्त्यावर येणारा मेल, की सगळा गल्लाच, म्हणजे पत्त्यांची वही, जुनं टपाल आणि पासवर्डसुद्धा? उत्तराप्रमाणे काम बदलतं. नुसता प्रोग्राम हवा असेल तर काहीच करायचं नाही, तो आधीच सगळ्यांचा आहे.

खाली थंडरबर्डच धरून चाललोय, कारण ते फुकट आहे, विंडोजवर नीट चालतं आणि त्याच्या फाइली कुठे आहेत हे बघता येतं. विंडोजबरोबर येणारं जुनं मेल ॲप मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ पासून बंद केलं, त्यामुळे बऱ्याच जणांना नवा प्रोग्राम शोधावा लागलाच.

सुरुवात करण्याआधी

युजर नसतील तर आधी ते काढा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे अदर युजर्स, मग ॲड अकाउंट. विंडोज लगेच मायक्रोसॉफ्टचा ईमेल मागेल. नको असेल तर "या माणसाची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही" अशा अर्थाची ओळ निवडा आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडण्याचा पर्याय घ्या. प्रकार स्टँडर्ड ठेवा. ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, एकच असावा, आणि तो नातू नसावा.

थंडरबर्ड त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून एकदाच बसवा. एकाने मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलं, दुसऱ्याने संकेतस्थळावरून, असं होऊ देऊ नका. दोन वेगवेगळ्या आवृत्त्या झाल्या आणि नव्या आवृत्तीने उघडलेलं प्रोफाइल नंतर जुनीने उघडायला गेलात, तर ती ते उघडायला नकार देते आणि नवं प्रोफाइल काढा म्हणते. नवखा माणूस तिथेच घाबरतो.

आता आप्पांच्या युजरवर थंडरबर्ड उघडा. उजवीकडच्या वर-खाली तीन रेघांच्या मेनूतून अकाउंट सेटिंग्जमध्ये जा आणि डावीकडे अकाउंटच्या खाली असलेलं सर्व्हर सेटिंग्ज उघडा. पहिल्याच ओळीत सर्व्हर टाइप लिहिलेला असतो, आयमॅप किंवा पीओपी. मेल आणायच्या या दोन पद्धती. तो कागदावर लिहून घ्या. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आयमॅप असेल तर

तुमचं काम सोपं आहे. आयमॅपमध्ये मूळ मेल मेल-कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरच राहतो, आपल्या कॉम्प्युटरवर त्याची नक्कल येते. म्हणून एकाच पत्त्याला तीन युजरवरून तीन वेगळ्या प्रोफाइलमध्ये जोडलं तरी सगळ्यांना तोच इनबॉक्स दिसतो. माझं मत विचाराल तर दहातल्या नऊ पेढ्यांना हाच रस्ता पुरतो, आणि खालचा दुसरा रस्ता वाचायचीही गरज नाही.

सूनबाईंच्या युजरवर लॉगिन करा, थंडरबर्ड उघडा, नाव आणि पेढीचा ईमेल पत्ता टाका, पुढे जा. जीमेल असेल तर गुगलची स्वतःची खिडकी उघडेल, पासवर्ड तिथे टाकायचा. ३० मे २०२२ पासून गुगलने साध्या प्रोग्रामांना नुसत्या पासवर्डवर आत घेणं बंद केलंय, त्यामुळे ही खिडकी येणारच. ती खरी आहे, घाबरायचं नाही. आयमॅप आणि पीओपी यांतलं निवडायला सांगितलं तर आयमॅप.

इथे गाडी हमखास अडते ती दुसऱ्याच कारणाने. गुगल "तुम्हीच आहात का" म्हणून आप्पांच्या मोबाइलवर विचारतं, आणि आप्पा त्या वेळी यार्डात लिलावात उभे असतात. म्हणून तिन्ही युजरची जोडणी एकाच बैठकीत, मोबाइल टेबलावर ठेवून उरकून घ्या. नंतर रोज विचारत नाही.

जोडून झालं की तीन गोष्टी लगेच बघून घ्या.

सहीचा मजकूर प्रत्येकाचा वेगळा लिहा. अकाउंट सेटिंग्जमध्ये अकाउंटच्या नावावर क्लिक केलं की सिग्नेचरचा चौकोन दिसतो. पेढीचं नाव तेच, खाली "हिशोब विभाग" किंवा ज्याचं त्याचं नाव. समोरच्या व्यापाऱ्याला कळतं की उत्तर दिवाणजींनी दिलं की मालकांनी. उधारीच्या बोलण्यात हा फरक फार महत्त्वाचा असतो. वेगळ्या प्रोफाइलचा हा फायदा सामायिक प्रोफाइलमध्ये इतक्या सहज मिळत नाही.

दुसरं म्हणजे डिस्कवरची जागा. प्रत्येक युजर आपली वेगळी नक्कल उतरवून घेतो. मेलबॉक्स आठ जीबीचा असेल तर तीन युजरचे मिळून चोवीस जीबी जातात. जुन्या लहान डिस्कवर हे जड जातं. अकाउंट सेटिंग्जमध्ये सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज म्हणून पान आहे, तिथे सगळे मेल ठेवण्याऐवजी अलीकडचे ३० दिवसच ठेवा असं सांगता येतं. आप्पांच्या युजरवर सगळे, बाकीच्यांकडे महिन्याचे, ही वाटणी चांगली चालते.

तिसरी गोष्ट सगळ्यांना तोंडी सांगा. एकाने मेल डिलीट केला की तो सगळ्यांचा जातो. एकाने वाचला की सगळ्यांना वाचलेला दिसतो. मग "जीएसटीची नोटीस मी पाहिलीच नाही" असं सूनबाई म्हणतात, कारण दिवाणजींनी ती सकाळी उघडून तशीच सोडलेली असते, आणि ठळक अक्षर साधं झालेलं असतं. त्यावर उपाय ताऱ्याचा. मेलच्या ओळीतल्या ताऱ्यावर क्लिक केलं की ती खूण सर्व्हरवर जाते आणि तिघांना दिसते. पेढीत नियम करा, ज्या मेलचं काम बाकी त्याला तारा, काम झालं की तारा काढायचा. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी या जीएसटी विवरणपत्रांच्या मुदतीच्या आसपास या एका सवयीने बरीच बोलाचाली वाचते.

पत्त्यांची वही मात्र आयमॅपने येत नाही. पत्ते गुगलमध्ये असतील तर प्रत्येक युजरवर ॲड्रेस बुक उघडून नवीन वही जोडताना कार्डडॅव्ह (सर्व्हरवरची वही वापरायची पद्धत) निवडा आणि तोच जीमेल पत्ता द्या. वही एकच राहते, कुणीही नवा पत्ता टाकला की इतरांकडे पोचतो.

पीओपी असेल तर

खरी भांडणं इथली आहेत.

पीओपीत मेल सर्व्हरवरून उतरून कॉम्प्युटरवर येतो. सर्व्हर सेटिंग्जमध्ये "मेसेज सर्व्हरवर ठेवा" या अर्थाची एक चौकट असते. तिला खूण नसेल, तर जो आधी थंडरबर्ड उघडेल त्याच्याकडे तो मेल उतरतो आणि सर्व्हरवरून पुसला जातो. तीन युजरवर असं पीओपी जोडलं की सकाळचे मेल दिवाणजींकडे, दुपारचे सूनबाईंकडे, संध्याकाळचे आप्पांकडे. एकाच व्यापाऱ्याशी चाललेलं बोलणं तिघांत विखुरलेलं, आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने लपवलं. घरात अबोला धरण्याइतपत गोष्ट जाते हो. खूण केली तरी अर्धंच काम होतं. आलेले मेल तिघांना मिळतात, पण पाठवलेले मेल ज्याने पाठवले त्याच्याच कॉम्प्युटर-फोल्डरात राहतात. भाव कोणी काय कळवला हे दुसऱ्याला कळायचा मार्ग नाही.

म्हणून पहिला सल्ला, पीओपी सोडून आयमॅपवर या. थंडरबर्डमध्ये पीओपी अकाउंट जागच्या जागी आयमॅप करता येत नाही. तोच पत्ता पुन्हा नव्याने, आयमॅप म्हणून जोडावा लागतो. काही वेळ डावीकडे दोन्ही दिसतील. मग जुन्या पीओपी फोल्डरातले मेल निवडून नव्या आयमॅप फोल्डरात कॉपी करायचे. एकदम सगळे उचलू नका. वर्षावर्षाचे गठ्ठे करा, एक पूर्ण चढला की दुसरा. जीमेलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि ती ड्राइव्ह व फोटोंसकट आहे, तेव्हा लग्नाचे फोटो तिथेच पडले असतील तर आधी ते हलवा. सगळं चढलं, मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये तपासून झालं, की मगच पीओपी अकाउंट काढा.

काही ठिकाणी हे शक्य नसतं. पेढीचा पत्ता जीमेलवर नसून स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे पेढीच्या नावाच्या संकेतस्थळाच्या पत्त्यावर असतो, सर्व्हरवर जागा जेमतेम असते, आणि जुनं टपाल पंधरा वर्षांचं. तिथे दुसरा रस्ता.

सामायिक प्रोफाइल

यात तिघंही एकच प्रोफाइल-फोल्डर उघडतात. मेल, पाठवलेले, पत्ते, सही, सगळं एकच. पण पासवर्डही त्याच फोल्डरात असतात. त्या फोल्डरापर्यंत ज्याचा हात पोचतो तो सगळं वाचू शकतो, पाठवू शकतो. नवरा-बायको, बाप-लेक, जुने दिवाणजी, इथपर्यंत ठीक. सहा महिन्यांसाठी आलेल्या मुलासाठी हा रस्ता घेऊ नये.

सुरुवात आप्पांच्या युजरपासून, कारण जुनं टपाल तिथे आहे.

१. थंडरबर्डच्या मेनूत हेल्प, मग ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन. त्या पानावर प्रोफाइल फोल्डर अशी ओळ आहे आणि शेजारी ओपन फोल्डरचं बटण. ते दाबा. फोल्डर उघडेल. त्याचं नाव आठ विचित्र अक्षरं आणि पुढे एक टिंब असं काहीतरी असेल. तो ज्या ॲपडेटा फोल्डरात असतो तो विंडोज लपवून ठेवतं, म्हणून हाताने शोधत बसण्यापेक्षा हे बटण बरं.

२. आता थंडरबर्ड बंद करा. फोल्डरची खिडकी उघडी राहू द्या. चालू प्रोग्रामखालून फाइली कॉपी केल्या तर अर्धवट उतरतात.

३. डी ड्राइव्हवर टपाल नावाचा फोल्डर करा, नाव इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट. यादीत युजर्स हा गट निवडा, नसेल तर जोडा, आणि मॉडिफायला खूण करून ओके करा. ही परवानगी नसली की दुसऱ्या युजरवर हे प्रोफाइल नीट चालत नाही.

४. आधीच्या खिडकीत एक पायरी वर या आणि तो अख्खा प्रोफाइल-फोल्डर कॉपी करून टपालमध्ये पेस्ट करा. कट करू नका. लॅपटॉपला सी ड्राइव्ह एकटाच असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण त्याच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलेली फाइल आपल्या जुन्याच परवानग्या घेऊन येते, तर कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. शिवाय मूळ फोल्डर जागेवर राहतो, तोच तुमचा बॅकअप.

५. थंडरबर्ड पुन्हा उघडा, त्याच ट्रबलशूटिंगच्या पानावर प्रोफाइल्स या ओळीतली लिंक दाबा. तिथे नवं प्रोफाइल तयार करण्याचं बटण आहे. पुढे गेल्यावर नाव विचारेल, "पेढी" असं काहीही द्या. खाली चूज फोल्डर दाबून टपालमधला तो आठ अक्षरांचा फोल्डर निवडा. त्याच्या वरचा टपाल निवडला तर रिकामं प्रोफाइल तयार होतं. हे फार जणांचं होतं. मग फिनिश.

६. यादीत "पेढी" डिफॉल्ट आहे का ते बघा, नसेल तर सेट ॲज डिफॉल्ट दाबा. थंडरबर्ड बंद करून उघडा. जुने मेल दिसले पाहिजेत.

७. अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्व्हर सेटिंग्जच्या तळाशी लोकल डायरेक्टरी लिहिलेली असते. तिथे डी ड्राइव्हचा पत्ता हवा. अजून सी ड्राइव्हवरचं आप्पांचं नाव दिसत असेल तर आप्पांना सगळं ठीक वाटेल आणि सूनबाईंना काहीच मिळणार नाही. ब्राउज करून टपालमधल्या मेल फोल्डरातलं त्याच नावाचं फोल्डर निवडा. लोकल फोल्डर्सचंही तसंच तपासा.

सूनबाई आणि दिवाणजींच्या युजरवर फक्त पाच आणि सहा. तिथे कॉपी करायची गरज नाही, फोल्डर निवडायचा एवढंच.

त्याच पानावर प्रत्येक प्रोफाइलपुढे रिमूव्हचं बटण आहे. ते दाबलं की फाइलीही पुसायच्या का असं विचारतो. नीट वाचल्याशिवाय हो म्हणू नका. सामायिक प्रोफाइलच्या फाइली पुसल्या म्हणजे तिघांच्या पुसल्या.

एका वेळी एकच

सामायिक प्रोफाइल दोघांना एकाच वेळी उघडता येत नाही. थंडरबर्ड उघडताना फोल्डरला कुलूप लावतं. आप्पा विंडोज बटण आणि एल दाबून जेवायला गेले, त्यांचं थंडरबर्ड मागे उघडंच राहिलं, आणि सूनबाईंनी आपल्या युजरवरून उघडलं तर संदेश येतो की थंडरबर्ड आधीच चालू आहे पण प्रतिसाद देत नाही. बिघाड नाही तो. आप्पांनी येऊन प्रोग्राम बंद करायचा. सवय लावा, उठताना नुसतं लॉक नाही, साइन आउट.

कुलपाची फाइल पुसून टाका असा उपाय कुणी सांगेल. आधीचा खरोखर बंद आहे याची खात्री नसेल तर ते करू नका. दोन थंडरबर्ड एकाच फाइलीत लिहायला लागले की इनबॉक्सचा चिवडा होतो. याच कारणासाठी हा फोल्डर वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या जागेत ठेवू नये.

लाइटीचाही प्रश्न आहेच. दीपनगरचं वीजकेंद्र जवळ असून भुसावळकरांची सुटका नाही, तर मे महिन्यात अमळनेर-पारोळ्याला काय बोलावं. थंडरबर्ड एका फोल्डरातले सगळे मेल सहसा एकाच मोठ्या फाइलीत ठेवतं, आणि डिलीट केलेल्यांची जागा कॉम्पॅक्ट केल्यावरच मोकळी होते. कॉम्पॅक्ट चालू असताना लाइट गेली तर धोका आहे. यूपीएस नसेल तर हे काम लाइट टिकते त्या वेळी करा. नंतर यादीत मेलची नावं भलतीच दिसायला लागली तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. त्याने फक्त सूची नव्याने बनते, आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

पासवर्डबद्दल

थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत प्रायमरी पासवर्ड लावता येतो. त्याने साठवलेले पासवर्ड झाकले जातात. मेल मात्र झाकले जात नाहीत, ते साध्या मजकुराच्या फाइलीत असतात आणि नोटपॅडनेही वाचता येतात. तेव्हा त्याला तिजोरी समजू नका. नातवाचा युजर टपाल फोल्डरापासून दूर ठेवायचा असेल तर तिसऱ्या पायरीत सगळ्या युजर्स गटाला परवानगी देण्याऐवजी गट काढून तिघांची नावं एकेक करून जोडा. सिक्युरिटीच्या यादीत ऑथेंटिकेटेड युजर्स हा गट असेल तर तोही काढावा लागेल, नाहीतर नातू त्या दाराने आत येतो. वरच्या ड्राइव्हकडून वारशाने आलेली परवानगी काढता येत नसेल तर आधी ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन इनहेरिटन्स बंद करावा लागतो, आणि तेव्हा असलेल्या परवानग्या तशाच उतरवून घेण्याचा पर्याय निवडायचा.

कुणी कामावरून गेलं तर त्याच दिवशी ईमेलचा पासवर्ड बदला. जीमेलमध्ये पासवर्ड बदलला की थंडरबर्डला आधी दिलेला प्रवेशही रद्द होतो, उरलेल्या युजरवर पुन्हा साइन-इन करावं लागतं.

त्यानंतर त्याचा विंडोज युजर काढायचा असेल तर आधी त्याच्याकडे पेढीचं काही पडलंय का ते तपासा. विंडोज "अकाउंट आणि डेटा डिलीट करा" असं विचारतं, आणि हो म्हटलं की त्या युजरचा ॲपडेटा फोल्डरही जातो. दिवाणजी पीओपी वापरत असतील, तर त्यांनी पाठवलेला एकूण एक मेल त्याच फोल्डरात असतो. आधी तो पेनड्राइव्हवर उतरवा, दुसऱ्या युजरवर उघडून दिसतोय का बघा, मग युजर काढा.